रॉड घातलाय, हाड धरेना: चुंबकाची मशीन लावावी का?

पत्र: आमच्या अण्णांचं वय ५६, गाव केज तालुक्यात. दिवाळीच्या सुमारास आडतीवर सोयाबीन घालून येताना मोटारसायकल घसरली आणि उजव्या पायाची नडगी मोडली. लातूरला ऑपरेशन करून रॉड टाकला. सात महिने झाले, पण पाय टेकवला की कळ येते आणि एक्स-रेत फट तशीच दिसते. डॉक्टर म्हणतात, दोन महिने बघू, नाहीतर रॉड बदलून हाडाचे दाणे भरावे लागतील. तोवर एकाने विद्युतचुंबकीय मशीन सुचवली आहे, महिन्याला १२ हजार भाडं. दुसरा एक जण चुंबकाची गादी देतोय, ४० हजारांना. मशीनने आतला रॉड ओढला जाईल का? ऑपरेशन टळेल का? आणि दाणे भरलेच तर त्यानंतर मशीनचा उपयोग होईल का? अण्णांना शुगर नाही, तंबाखू आहे. सध्या रोज मशीनवर शेक घ्यायला जातात. पेरणी तोंडावर आलीय, पैसे एकदाच घालता येतील. — एक लेक, केज

ताई, तुमच्या तीन प्रश्नांआधी मला त्या शेकाबद्दल बोलायचंय, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. शेक म्हणजे गरम पाण्याची पिशवी असती तर मी काही बोललो नसतो. पण तुम्ही मशीन म्हणताय. पायाच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड किंवा तबकड्या ठेवून पाय आतून गरम करणारं मोठं यंत्र असेल, तर ती शॉर्टवेव्ह डायथर्मी. आत धातू असलेल्या पायाला ती देत नाहीत. ती २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते, तिची उष्णता धातूभोवती एकवटते आणि रॉडजवळचं मांस आतून भाजू शकतं. वरच्या कातडीला त्याचा पत्ताही लागत नाही. उद्या अण्णांसोबत तुम्ही स्वतः जा, यंत्राचं नाव विचारा आणि पायात रॉड आहे हे तोंडाने सांगा. डायथर्मी निघाली तर त्याच दिवशी बंद करा. आपल्याकडे अशा सगळ्या यंत्रांना सरसकट ‘करंटची मशीन’ म्हणतात. त्यामुळे एक चालतं म्हणून दुसरंही चालवलं जातं, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

आता गादी. घेऊ नका. गादीतले चुंबक जागच्या जागी पडून असतात, त्यांचं क्षेत्र बदलत नाही. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच शेजारी विद्युत प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडेने १८३१ सालीच दाखवलं होतं. हाडाच्या बाबतीत जे काही काम होतं ते या बदलत्या क्षेत्राने होतं. ४० हजारांची गादी रात्रभर अंगाखाली असली तरी त्या फटीत काहीही घडणार नाही.

भाड्याने मिळणारी मशीन मात्र वेगळी गोष्ट आहे. तिच्यामागे खरं शास्त्र आहे. ते थोडं समजून घेतलंत तर पुढचा निर्णय तुम्हाला स्वतःला घेता येईल.

१९५७ साली जपानमध्ये फुकादा आणि यासुदा या दोन संशोधकांनी दाखवलं की हाडावर ताण दिला की त्यावर विद्युतभार तयार होतो. जिवंत, ओल्या हाडात तर आणखी एक गोष्ट घडते. हाडात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं, त्यात क्षारांचं पाणी असतं. आपण पाऊल टाकलं की हाड किंचित दबतं, ते पाणी सरकतं आणि सरकताना सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. दबलेली बाजू ऋण होते आणि नवं हाड त्या बाजूला जास्त बसतं. म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या नडगीत ही वीज दर पावलाला तयार होत असते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँड्र्यू बॅसेट यांनी विचार केला की हाच इशारा बाहेरून देता येईल का. त्यांनी प्लास्टरवर तारेची कॉइल बसवून तिच्यातून वीज झटक्याझटक्याने सोडली. त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार झालं आणि त्या क्षेत्राने आत हाडापाशी अगदी क्षीण विद्युत क्षेत्र उभं केलं. कातडीला छेद नाही, सुई नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने न जुळणाऱ्या हाडांसाठी या उपचाराला मान्यता दिली. तुम्हाला सुचवलेली मशीन याच घराण्यातली, तिला पीईएमएफ म्हणतात.

पेशींवर होणारा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो. हाड बांधणाऱ्या पेशींमध्ये कॅल्शियमची ये-जा बदलते आणि हाडाच्या वाढीला चालना देणारी काही प्रथिनं त्या जास्त बनवतात. इथवर वाद फारसा नाही. वाद आहे तो माणसाच्या पायावर किती फरक पडतो याचा.

त्याबद्दल इंग्लंडमध्ये झालेल्या दोन चाचण्या सांगतो, कारण दोन्ही तुमच्या अण्णांसारख्या नडगीवरच झाल्या. १९८४ मध्ये १६ रुग्णांची एक छोटी चाचणी छापून आली. हाड न जुळलेल्या ९ जणांना खरी मशीन दिली आणि ७ जणांना हुबेहूब तशीच पण बंद असलेली. कोणाकडे कोणती आहे हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. २४ आठवड्यांनी खऱ्या मशीनवाल्यांपैकी ५ जणांचं हाड जुळलं होतं, आणि खोट्या मशीनवाल्यांपैकीही ५ जणांचं! फरक मशीनने पडला नव्हता. सगळ्यांना लांब प्लास्टर घालून पाय नीट स्थिर ठेवला होता, त्याने पडला होता. त्याआधी ज्या कहाण्यांत ‘मशीन लावली आणि हाड धरलं’ असं सांगितलं जायचं, त्यातल्या कितीतरींचं श्रेय त्या प्लास्टरचं असणार.

मग १९९० मध्ये दुसरी, थोडी मोठी चाचणी आली. ४५ रुग्ण, नडगी मोडून १६ ते ३२ आठवडे झालेले आणि हाड धरत नसलेलं. म्हणजे जवळजवळ अण्णांच्याच टप्प्यावरचे. रोज १२ तास, १२ आठवडे. एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञाच्या मते खऱ्या मशीनच्या २० पैकी १० जणांत हाड जुळलं किंवा जुळण्याकडे सरकलं, तर खोट्या मशीनच्या २५ पैकी फक्त दोघांत. हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण यातला निम्मा आकडाही तितक्याच मोठ्याने वाचा: २० पैकी १० जणांना १२ तास रोज लावूनही काहीच मिळालं नाही. शिवाय हे रुग्ण प्लास्टरमध्ये होते, अण्णांच्या पायात रॉड आहे. रॉड वीजवाहक असतो, त्याच्या आजूबाजूला प्रवाहाची वाटणी बदलते. त्यामुळे प्लास्टरवरचा निकाल जसाच्या तसा रॉडला लावता येत नाही.

पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात २५९ जणांच्या ताज्या मोडलेल्या नडगीवर चाचणी झाली, आणि मशीनमुळे दुसऱ्या ऑपरेशनची गरज कमी झाली नाही. २०१६ साली अशा १५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एक्स-रेवर हाड न जुळण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसलं, दुखणंही थोडं कमी झालं, पण रुग्णाच्या चालण्या-फिरण्यात, कामात फरक सापडला नाही. माझं मत सांगायचं तर मशीन थोतांड नाही, पण एकटीच्या बळावर पाय उभा करेल अशीही नाही. जिथे बाकी सगळं जागेवर आहे आणि हाड फक्त रेंगाळलंय, तिथे ती धक्का देऊ शकते.

म्हणून अण्णांच्या पायात बाकीचं जागेवर आहे का, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या पत्रात मला त्याचं उत्तर दिसत नाही आणि बहुधा तुम्हाला ते कोणी सांगितलेलंही नाही. हाड का धरत नाही हे न शोधता मशीन लावणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

घरात ताजा एक्स-रे असेल तर तो खिडकीच्या उजेडात धरा. दोन फोटो असतील, एक समोरून, एक बाजूने. प्रत्येकात हाडाच्या दोन कडा पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात, म्हणजे एकूण चार कडा. मोडलेल्या जागी यातल्या किती कडा पुन्हा सांधल्यात ते बघा. चारपैकी तीन सांधल्या तर डॉक्टर हाड जुळलं असं धरतात. मग रॉडच्या दोन्ही टोकांचे आडवे स्क्रू बघा. एखादा वाकला किंवा तुटला असेल, किंवा स्क्रूभोवती काळी कड दिसत असेल, तर आत हालचाल चालू आहे. फट किती रुंद आहे तेही बघा. हाडाच्या जाडीच्या निम्म्याहून मोठी असेल तर मशीनचा विषय तिथेच संपतो, एवढ्या दरीवर कोणतंही क्षेत्र पूल बांधत नाही. हे बघणं निदान करण्यासाठी नाही. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा नेमकं विचारता यावं म्हणून आहे.

आपल्याकडे केशर आंब्याचं कलम बांधणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही की बांधलेला जोड सारखा हलला तर तो धरत नाही, आणि घट्ट बांधूनही आतला रस वाळला असेल तरी धरत नाही. हाडालाही हेच दोन्ही लागतं, स्थैर्य आणि रक्त. रॉड सैल असेल तर मशीनच्या भाड्याचे पैसे पाण्यात. आणि रक्ताचं म्हणाल तर तंबाखू. बिडी नाही, नुसती चुना लावून मळलेली आहे, असं म्हणून मनाची समजूत घालू नका. निकोटीन दाढेखालूनही रक्तातच जातं आणि हाडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. १२ हजार रुपये महिना देऊन जो इशारा हाडाला द्यायचा, त्याच्या उलट काम अण्णांची पुडी फुकटात करत असते. हे मी त्यांच्यावर रागावून लिहीत नाही, इतक्या वर्षांची सवय सुटायला मदत लागते. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६. फोन तुम्ही लावून द्या, बोलायला त्यांना बसवा.

दुसरी शंका जंतूंची. रॉड टाकल्यानंतर जखमेतून कधी पाणी आलं होतं का, संध्याकाळी कणकण येते का? नसलं तरी सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या. आत मंद जंतुसंसर्ग असेल तर आधी तो काढावा लागतो, तोवर मशीनही व्यर्थ आणि दाणेही व्यर्थ. जोडीला व्हिटॅमिन डी बघा, शेतात उन्हात राबणाऱ्यांतही ते कमी निघतं. ‘शुगर नाही’ हे कधी तपासून म्हणताय? जुनं असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी एकदा करा. आणि अण्णा कळ मारायला रोज डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, त्या गटातल्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर हाड जुळायला उशीर होऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: अण्णा पायावर भार किती देतात? खेड्यात रॉड घातलेल्या माणसाला घरचे मायेपोटी बाजेवरून उतरू देत नाहीत, ‘पाय टेकवू नका’ म्हणतात. पण मघाशी सांगितलेली पावलागणिक तयार होणारी वीज आठवा. जी मशीन आपण बाहेरून भाड्याने आणतोय तिचं मूळ पायावर पडणाऱ्या भारातच आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘पूर्ण भार द्यायचा का, काठीने द्यायचा, की नाही द्यायचा?’ त्यांनी हो म्हटलं असेल तर थोडी कळ आली तरी चालणं हाच उपचार आहे. कधीकधी डॉक्टर रॉडच्या एका टोकाचे स्क्रू काढून टाकतात, म्हणजे चालताना मोडलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात. छोटंसं काम असतं, भूल थोडी, खर्च कमी. तुमच्या पत्रात ‘बघू’ आणि ‘रॉड बदलू’ या दोन टोकांमध्ये हा पर्याय कुठेच नाही. तो अण्णांना लागू आहे की नाही हे एक्स-रे बघणाऱ्याने ठरवायचं, पण विचारा नक्की.

रॉड ओढला जाईल ही भीती सोडा. हे रॉड टायटॅनियमच्या मिश्रधातूचे किंवा विशिष्ट स्टेनलेस स्टीलचे असतात, चुंबक त्यांना धरत नाही. मशीनचं क्षेत्रही १-२ मिलिटेस्लाच्या घरातलं. पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा ते कितीतरी पटींनी मोठं असलं तरी एमआरआयच्या दीड टेस्लापुढे हजारावा हिस्सा. गरमही होत नाही. घरात कोणाला पेसमेकर असेल तर मात्र मशीन सुरू असताना त्यांना जवळ बसवू नका, आणि गरोदर बाईनेही दूर राहिलेलं बरं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, दाणे भरल्यानंतरचं. दाणे म्हणजे बहुतेक हायड्रॉक्सीअपटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हाडातल्या खनिजाशी मिळतेजुळते, आत छिद्रं असलेले. ते स्वतः निर्जीव असतात. आजूबाजूच्या हाडातून रक्तवाहिन्या आणि पेशी त्या छिद्रांत शिरतात, तिथे नवं हाड घालतात, तेव्हा ते कामाचे. धातूच्या बाबतीतही हाड असंच चिकटतं. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या पायात बसवलेला टायटॅनियमचा तुकडा काढता येईना, हाड थेट त्याला धरून बसलं होतं. दातांचे इम्प्लांट त्यातूनच आले. तर या शिरण्याच्या आणि धरण्याच्या काळात चुंबकीय क्षेत्र दिलं तर काय होतं, हे सशांवर बऱ्याच वेळा पाहिलं गेलंय. इटलीत बोलोन्यात हायड्रॉक्सीअपटाइटच्या कांड्या सशाच्या हाडात बसवल्या, तेव्हा मशीन दिलेल्या सशांत हाड त्या कांडीला लवकर आणि जास्त घट्ट धरलेलं दिसलं. पण सशाचं हाड माणसाच्या मानाने झपाट्याने भरतं आणि तिथे निरोगी हाडात सरळ भोक पाडलेलं असतं. सात महिने हटून बसलेली, आजूबाजूला रक्त कमी झालेली नडगी ही वेगळी जमीन आहे. माणसांवरचा पुरावा इथे विरळ आहे.

म्हणून ऑपरेशन करायचंच ठरलं तर मशीनपेक्षा या गोष्टीवर जोर द्या: नुसते दाणे भरणार की कमरेच्या हाडातून अण्णांचं स्वतःचं हाड काढून त्यात मिसळणार? स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, दाण्यांत नसतात. रॉड बदलताना आतली पोकळी घासून थोडा जाड रॉड घालतात. त्या घासण्यातून निघणारा हाडाचा चुराही फटीपाशी जाऊन ग्राफ्टचं, म्हणजे वरून भरलेल्या हाडाचं, काम करतो, काही वेळा तेवढ्यावरही भागतं. त्यानंतर डॉक्टर स्वतः म्हणाले तर पहिले तीन महिने मशीन लावायला माझी हरकत नाही. त्यांच्या नकळत लावू नका.

पैशांचं आता. तीन महिन्यांचं भाडं ३६ हजार होतं. ते देण्याआधी एक दिवस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात दुसरं मत घ्या, तुम्हाला जवळ आहे. रॉड बदलण्याचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. बसलं तर तुमचा हिशेबच बदलेल.

दोन्ही डॉक्टर म्हणाले की रॉड पक्का आहे, जंतू नाहीत, फट लहान आहे, थांबायला हरकत नाही, तरच मशीन आणा. देणाऱ्याला विचारा की रोज किती तास लावायची आणि वापराचे तास मोजणारं मीटर आहे का. तीन तासांपेक्षा कमी लावणाऱ्यांत हाड जुळण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलंय, त्यामुळे ‘रोज दहा मिनिटं पुरे’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. बॅटरीवर चालणारी घ्या, तुमच्याकडची लाइट मला माहीत आहे. कॉइल मोडलेल्या जागेच्या अगदी समोर आली पाहिजे, चार बोटं खाली-वर झाली तरी क्षेत्र झपाट्याने घटतं. डॉक्टरांकडून कातडीवर पेनाने खूण करून घ्या आणि ती पुसट झाली की पुन्हा गडद करा. धोतरावरून किंवा पायजम्यावरून लावली तरी चालते. मशीन सुरू असताना अण्णांना काहीच जाणवणार नाही, मुंग्या नाहीत, ऊब नाही. मुंग्या येत असतील तर ती ही मशीन नव्हेच.

सुरू करायच्या दिवशी एक एक्स-रे, सहा आठवड्यांनी एक, बारा आठवड्यांनी एक. तिसऱ्यात पहिल्यापेक्षा एकही कड पुढे सरकली नसेल तर मशीन परत करा, ‘अजून एक महिना’ करत बसू नका. मधेच स्क्रू तुटला, पाय सुजला, लाल झाला किंवा ताप आला तर बारा आठवड्यांची वाटही पाहू नका.

अंबाजोगाईला जाताना अपघाताच्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या, नुसता शेवटचा नको. डिस्चार्ज कार्डावर रॉडचा स्टिकर असतो, त्यावर धातू, लांबी आणि जाडी लिहिलेली असते. तो सापडत नसेल तर लातूरच्या दवाखान्यातून ऑपरेशनच्या कागदांची प्रत मागून घ्या, ती मागणं तुमचा हक्क आहे.